भूमिकाधारित व्हिडिओ गेममधील सहचर पात्रे : नात्याच्या अर्थपूर्णतेचा विचार

प्रस्तावना :
व्हिडिओ गेम म्हणजे केवळ वेळ घालविण्याचे साधन, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. तथापि ‘रोल-प्लेइंग गेम’ अर्थात भूमिकाधारित खेळ या प्रकाराचे कथात्म साहित्याशी जवळचे नाते आहे. यात खेळणारी व्यक्ती नायकाची भूमिका स्वीकारते व काही सहचर पात्रे तिच्यासोबत प्रवास करतात. ही पात्रे संगणकाच्या आज्ञावलीनुसार चालतात. तरीही त्यांच्याशी जडलेले नाते अर्थपूर्ण कशामुळे ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी कॅनडातील बायोवेअर या कंपनीचे ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) व ‘ड्रॅगन एज २’ (२०११) हे खेळ प्रामुख्याने विचारात घेतले आहेत.

नात्याचे मापन :
‘ओरिजिन्स’मध्ये सहचराची नायकाविषयीची पसंती उणे १०० ते अधिक १०० या मापावर मोजली जाते. संवादातील उत्तरे, कथेतील निर्णय व भेटवस्तू यांनुसार हा आकडा बदलतो. पसंती वाढली की सहचर आपला पूर्वेतिहास उलगडतो, मनातील शल्य बोलून दाखवितो. मात्र याच रचनेत एक दोष संभवतो. खेळणारा स्वतःला पटणारे उत्तर न देता आकडा वाढविणारे उत्तर निवडू लागतो. अप्रिय निर्णयाची भरपाई भेटवस्तूंनी करतो. अशा वेळी नाते केवळ देवघेवीच्या पातळीवर उतरते.

नकाराचे महत्त्व :
या हिशेबाला छेद देणारे प्रसंगही त्याच खेळात आहेत. अँड्रास्टे या पूजनीय स्त्रीच्या पवित्र रक्षेची नायकाने विटंबना केली, तर सोबत असलेली ज्येष्ठ जादूगार विन त्याच्यावरच उलटते. सेनापती लोगेन रणांगणातून माघार घेतो आणि त्यामुळे ॲलिस्टरचा गुरू डंकन मारला जातो. त्या लोगेनला जीवदान देऊन पथकात घेतल्यास ॲलिस्टर साथ सोडतो. तेथे पसंतीचा कोणताही आकडा त्याला थांबवू शकत नाही. बेल्जियममधील लॅरियन कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्येही निर्वासितांच्या कत्तलीत सामील होणाऱ्या नायकाला विल व कारलाख सोडून जातात.

‘ड्रॅगन एज २’ने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे पसंती-नापसंतीऐवजी मैत्री व प्रतिस्पर्धा अशी दोन टोके आहेत. गुलामगिरी भोगलेला फेन्रिस जादूगारांविषयी कटुता बाळगतो. त्यांची बाजू घेणाऱ्या नायकाशी त्याचे वारंवार खटके उडतात. परंतु सातत्याने मांडलेल्या मतभेदातूनही आदर, प्रसंगी प्रेमदेखील निर्माण होऊ शकते. खुशामतीची गरज त्यामुळे कमी होते.

मर्यादा :
हॉर्टन व वोल यांनी १९५६ मध्ये रेडिओ-दूरचित्रवाणीवरील व्यक्तींविषयी प्रेक्षकाला वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे विश्लेषण केले होते. गेममधील सहचर प्रत्युत्तर देतो, एवढा फरक येथे आहे; परंतु ते प्रत्युत्तर लेखकाने आधीच लिहून ठेवलेले असते. म्हणून या नात्यास मानवी नात्याचा पर्याय मानणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
सहचर पात्राला स्वतःची मूल्ये असतील आणि त्यांसाठी नायकाला नाकारण्याची मुभा असेल, तेव्हाच त्याच्या सोबतीला मोल येते. जो कधीच सोडून जाणार नाही, त्याच्या राहण्याला अर्थ उरत नाही. अनेक विद्यार्थी आज अशा कथांमध्ये रमतात. त्यांनी कोणता निर्णय घेतला आणि कोणता सहचर गमावला, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात पात्रचित्रण व मूल्यसंघर्ष यांच्या चर्चेचा उत्तम प्रारंभ ठरू शकतो.