ॲपला सूर कळतो, मनगट दिसत नाही

गिटार शिकवणारी ॲप मोबाइलच्या मायक्रोफोनमधून आवाज घेतात, त्यातील कंपनसंख्या वेगळ्या करतात आणि कॉर्ड बरोबर लागली का, ते सांगतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, सर्वांत बारीक सुमारे ३३० वेळा. हा फरक ॲपला कळतो. मनगट किती वाकले आहे, हे मात्र आवाजावरून कळत नाही.

सूर स्वच्छ येईना की नवशिका तार आणखी जोरात दाबतो आणि मनगट मुडपतो. त्यामुळे मनगटातील नसेवर दाब वाढून अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येऊ शकतात. बोटांची टोके दुखणे साहजिक आहे. काही आठवड्यांत तिथली त्वचा जाड होते. मुंग्या किंवा बधिरपणा टिकला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी सरावानंतर टोके रोज पाहावीत.

बोट पडद्याच्या अगदी मागे टेकवले की कमी जोर पुरतो. सुरुवात दोन बोटांच्या ई मायनरने करावी. सलग तासभर बसण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांचा रोजचा सराव बरा. झोपही पुरेशी घ्यावी. दिवसा गिरवलेल्या हालचाली मेंदू झोपेत पक्क्या करतो.