स्वयंपाकघरातील हळद आणि स्मृतिभ्रंशाची व्याधी

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द डॉक्टरांनी घडविलेला नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. मात्र तेथे तो क्रोध व संमोह यांच्या मागोमाग येणाऱ्या मनोवस्थेचे नाव आहे, व्याधीचे नव्हे. व्याधीसाठी मराठी घरांनी वापरले ते शब्द निराळे: म्हातारचळ, भ्रमिष्टपणा, ‘साठी बुद्धी नाठी’. माझा सारा जन्म शब्दांच्या संगतीत गेला, म्हणून प्रथम त्यांच्याकडेच बोट दाखवितो. या शब्दांत वयाला दोष आहे, थोडी थट्टाही आहे. रोगाची जाणीव नाही. आणि ज्याला रोग म्हणावयाचेच नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे कोण जाणार? मग स्वयंपाकघरातला डबा उघडला जातो.

आमच्या घरी तो उघडला गेला. माझी थोरली बहीण, आम्हा सर्वांची आक्का, राजवाड्याहून घरी येण्याचा पन्नास वर्षांच्या पायाखालचा रस्ता चुकू लागली. आम्ही रात्री हळद घातलेले दूध आणि सकाळी ब्राह्मीचे चूर्ण सुरू केले. ही गोष्ट पुढे पुरी करतो. या पुस्तिकेच्या वाचकांत माझ्या वयाचे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत; त्यांपैकी अनेकांच्या घरी हेच चालले असेल, म्हणून या समजुतीत तथ्य किती, हे आधी पाहू.

१९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दोन गोष्टी दाखविल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. स्मृतिभ्रंशाच्या अनेक कारणांपैकी सर्वांत मोठे असलेल्या रोगाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. ते गोळे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन हे द्रव्य परीक्षानळीत या प्रथिनाला चिकटते व त्याचे गोळे होऊ देत नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००१ साली उंदरांना कर्क्युमिन खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील अमायलॉइड कमी आढळले. त्याच सुमारास हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण पाहणीचे निष्कर्ष आले. पासष्ट वर्षांवरील दर हजारी वर्षाला सुमारे ४.७ जणांना तेथे आल्झायमरचा रोग नव्याने होई. अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या एका भागात हेच प्रमाण १७.५ होते. लोकांनी दोन आणि दोन चार केले: भारतीय हळद खातात, म्हणून त्यांची स्मृती टिकते.

हे गणित इतके सोपे नाही. त्याच बल्लभगढच्या लोकांत या रोगाची जोखीम वाढविणारे एक आनुवंशिक लक्षणही कमी आढळले होते. मग श्रेय हळदीला द्यावयाचे की रक्ताला? शिवाय २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज दिला. ही सारी माणसे हळद घातलेली आमटी खाऊनच मोठी झाली आहेत.

अडचण कोठे आहे? हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असते शेकड्याला तीनच्या आसपास. तेवढेही आतड्यातून रक्तात फारसे शिरत नाही; जे शिरते त्याचे यकृत झटपट रूपांतर करून त्याला बाहेर घालविते. त्यापुढे मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांचा पहारा आहेच. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले की काळ्या मिरीतील पिपरीन सोबत दिले तर रक्तातले कर्क्युमिन वीस पट वाढते. पण मूळची मात्रा इतकी क्षीण की वीस पटीनेही फार काही हाती लागत नाही. रुग्णांवर चाचण्याही झाल्या. हाँगकाँगमध्ये २००८ साली ३४ रुग्णांवर सहा महिने, अमेरिकेत २०१२ साली ३६ रुग्णांवर २४ आठवडे. दोन्हींत औषध नसलेल्या नकली गोळीहून कर्क्युमिन सरस ठरले नाही. २०१८ साली मात्र रोग नसलेल्या ४० प्रौढांवरील चाचणीत सहज शोषले जाणारे कर्क्युमिन दीड वर्ष घेणाऱ्यांच्या स्मरणाच्या कसोट्यांत थोडी सुधारणा दिसली. चाळीस माणसे म्हणजे आपल्या शाळेचा एक वर्ग. त्यावर साऱ्या गावाचा निकाल लावता येत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी तर २०१७ मध्ये आणखी एक शंका काढली: कर्क्युमिन स्वतः रंगीत व चंचल असल्यामुळे प्रयोगशाळेतील पुष्कळ कसोट्यांना ते खोटा होकार देते. जो विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाला ‘येते’ म्हणून हात वर करतो, त्याची परीक्षा आपण शिक्षक जरा कसूनच घेतो.

येथे कोणी हळदीच्या पेटंटची आठवण देईल. अमेरिकेत १९९५ साली दिलेले ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण तो वाद जखमेवर हळद लावण्यापुरता होता, आणि ही विद्या नवी नाही एवढेच त्यात सिद्ध झाले.

ब्राह्मीची कथा नावापासूनच गुंतागुंतीची आहे. चरकाने मेध्य रसायने म्हणून चार वनस्पती सांगितल्या: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. आज एका प्रांतात ज्या वेलीला ब्राह्मी म्हणतात तिला दुसऱ्या प्रांतात मंडूकपर्णी म्हणतात. चूर्णाच्या बाटलीत नेमके कोणते पान आहे, हे ग्राहकाला कळत नाही. निरोगी माणसांवरील काही लहान चाचण्यांत ब्राह्मीमुळे आठवण थोडी सुधारलेली दिसली. स्मृतिभ्रंश बरा झाल्याचे कोणत्याही मोठ्या चाचणीत दिसलेले नाही.

मग वनस्पतींत काहीच नाही काय? तसेही नाही. आज डॉक्टर देतात त्यांतले गॅलँटामाइन हे औषध मुळात युरोपातील एका कंदफुलातून मिळाले. पण त्याचा रेणू वेगळा काढून, मात्रा ठरवून, शेकडो रुग्णांवर पारखून. एवढे करूनही ते लक्षणांना काही काळ थोडा आळा घालते. रोग थांबवीत नाही.

आहारातील एक पदार्थ मात्र खरोखर औषध ठरतो, आणि तो हळदीच्या डब्यात नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने विस्मरण होऊ शकते. वनस्पतीत ते जवळजवळ नसते. शाकाहारी घरांत दूधदुभतेच काय तो आधार, आणि उतारवयात ते शोषण्याची शक्तीही घटते. थायरॉइडची उणीवही असाच भ्रम उत्पन्न करते. दोन्हींचा पत्ता साध्या रक्तचाचणीने लागतो, आणि वेळीच उपचार झाले तर माणूस पुष्कळदा सावरतो. चूर्णावर भिस्त ठेवून वाट पाहणाऱ्याच्या हातून हीच वेळ निसटते.

आक्काला आम्ही दोन वर्षांनी तपासणीला नेले. ब-१२ कमी निघाले. इंजेक्शनांनी तिच्या पायांतल्या मुंग्या गेल्या, विस्मरण राहिले. निदान आल्झायमरचे झाले. डॉक्टर ते समजावून सांगत होते तेव्हा ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. कोणाजवळ राहावयाचे, घराचे काय करावयाचे, हे त्या दोन वर्षांत तिला विचारता आले असते आणि तिने उत्तरही दिले असते. आम्ही ते नंतर आपापसांत ठरविले. विलंब माझाच होता, घरात शिकलेला मीच अधिक होतो. हळदीचे दूध मात्र तिला शेवटपर्यंत देत राहिलो. औषध म्हणून नव्हे. तिला ते आवडे, आणि पेला हाती घेतला की ती आमच्या आईचे नाव घेत असे.