कडेपासून दूर, तरी दाबाखाली

बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळहून दक्षिणेला कलबुर्गी, शहाबाद, यादगीर असं जात राहिलं की जमिनीचा दगड बदलत जातो. मंठाळ भागातली काळी रानं बेसाल्टावरची आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचे ते थर. शहाबादजवळ चुनखडीच्या फरशीच्या खाणी लागतात आणि यादगीरचा किल्ला तर उघड्या ग्रॅनाइटच्या टेकडीवरच उभा आहे. अडीच अब्ज वर्षांहून जुना असा हा पाया उत्तरेकडे लाव्हाखाली झाकला गेला आहे.

या झाकलेल्या पायानंच 30 सप्टेंबर 1993 रोजी घात केला. गणेश विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी महाराष्ट्रातल्या लातूर भागातली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. 6.2 क्षमतेच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली. सीमेच्या अलीकडे, कर्नाटकातल्या बसवकल्याण तालुक्यातही लोक हादरून बाहेर धावले.

भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात, असं शाळेत शिकवतात. ते बरंच खरं आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे सरकत युरेशियन भूपट्टाला भिडतो, म्हणून हिमालय वारंवार हादरतो. किल्लारी मात्र त्या कडेपासून हजार किलोमीटरहून दूर. त्या काळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आधीच्या वर्षी, 1992 मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते, तरी एवढ्या मोठ्या भूकंपाची कल्पना कुणी केली नव्हती.

भूपट्ट कडेला अडतो तेव्हा तो दाब आतवर पोचतो. दोन्ही टोकांनी दाबलेली शहाबादी फरशी जुनी चीर असेल तिथंच तडकते, तसंच इथं झालं. पुढं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत खोल छिद्र पाडलं. सुमारे 338 मीटर बेसाल्ट संपल्यावर जुना पाया लागला. वरच्या लाव्हामुळं त्यातले भ्रंश, म्हणजे जुन्या चिरा, नजरेला दिसत नाहीत. जिथं दाब साठतो ती जागा कळायला यंत्रंच लागतात. अशा जागी दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात. गावाच्या आठवणीत भूकंप नाही, म्हणून जमीन निर्धोक ठरत नाही.

जीव गेले ते मुख्यतः घरांमुळं. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतल्या व बाहेरल्या थरांना बांधणारे आरपार लांब दगड नसल्यानं ते थर सुटे झाले आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरं मलाही प्रिय आहेत, पण असे लांब दगड आणि चारी भिंतींना कवेत घेणारा पट्टा नसेल तर त्यांत झोपणं धोक्याचं आहे.

2002 च्या भूकंप नकाशात लातूर भाग जास्त धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला. ऑक्टोबर 2021 मध्ये कलबुर्गी जिल्ह्यात 4.1 क्षमतेचा धक्का बसला, आणि चिंचोळी तालुक्यातल्या गडिकेश्वरची माणसं घरं सोडून उघड्यावर आली.