बिदरी कारागिरीचे विपणन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला द्यावयाच्या सूचना

प्रस्तावना

बिदर व कलबुर्गी हे कर्नाटकाचे सीमेवरील जिल्हे होत. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत मराठी घराघरांत बोलली जाते. त्याबरोबरच कन्नड, दख्खनी उर्दू व तेलुगूही कानावर पडते. येथील दुकानदार एकाच दिवशी तीन-चार भाषांतून गिऱ्हाईक सांभाळतो. ही कला त्याला कोणत्याही महाविद्यालयाने शिकवलेली नाही. मात्र तोच दुकानदार किंवा कारागीर आपल्या मालाविषयी चार ओळी लिहावयास बसला, की त्याचा हात अडतो. आपल्या समुदाय महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी अशाच घरांतून येतात. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून हे विद्यार्थी मोबाईलवर जाहिरातीचा मजकूर तयार करून घेऊ लागले आहेत. तो मजकूर चांगला कसा करून घ्यावा, आणि त्यातील धोका कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात बिदरी कामाच्या उदाहरणावरून केला आहे.

अपुऱ्या सूचनेचा परिणाम

अशा साधनाला आपण जी लेखी आज्ञा देतो तिला प्रॉम्प्ट असे म्हणतात. या लेखात तिला सूचना म्हटले आहे. हे साधन प्रचंड मजकुरावरून शिकलेले असते व आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द शोभेल हे ठरवत वाक्य रचते. वाक्य सफाईदार असावे याची काळजी ते घेते, पण ते खरे आहे की नाही याची हमी त्यात नसते. अध्यापकांनी पहिल्याच तासाला सांगावी अशी गोष्ट हीच होय.

प्रस्तुत लेखकाने वर्गात पहिल्यांदा दिलेली सूचना एका ओळीची होती : ‘बिदरी कलेवर जाहिरात लिहा.’ उत्तर तत्काळ आले व वाचावयास गोडही होते. त्यात बिदरीची वस्तू ‘शुद्ध चांदीची’ ठरली होती आणि तिच्यात ‘जेवण वाढण्याचा’ सल्लाही होता. वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी हे काम चालते. तो हसला, आणि मग गप्प झाला. हा मजकूर गिऱ्हाईकाच्या हाती पडला असता तर वाद घालावयास ते त्याच्याच वडिलांकडे आले असते.

वस्तुस्थिती अशी आहे. बिदरीचे भांडे जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे असते. त्यात जस्ताचे प्रमाण फार मोठे व तांब्याचे अल्प असते. मातीच्या साच्यात ओतकाम झाल्यावर कानशीने पृष्ठभाग घासतात. मोरचुदाच्या पाण्याने तो तात्पुरता काळा करतात, म्हणजे त्यावर ओढलेली नक्षी दिसते. मग छिन्नीने खोदून त्यात चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी व पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. शेवटी भांडे किंचित तापवून बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप चोळतात. त्याने मिश्रधातू कायमचा काळा होतो, पण चांदीवर परिणाम होत नाही. शेवटी तेलाचा हात फिरवला, की काळ्यावर पांढरी नक्षी उठून दिसते. जस्तावर आम्लाची क्रिया होते, हे आपले रसायनाचे अध्यापक सांगतीलच. म्हणून लिंबू, चिंच असलेले पदार्थ त्यात वाढण्याचा सल्ला सर्वथा चुकीचा आहे.

एवढी माहिती सूचनेत घातल्यावर उत्तर बदलते. दुसऱ्या वेळी दिलेली सूचना पुढीलप्रमाणे होती : ‘तू बिदरमधील एका लहान कारखान्यासाठी लिहीत आहेस. वस्तू : सहा इंच उंचीची फुलदाणी, तारकशी काम. धातू जस्त व तांबे, नक्षी चांदीच्या तारेची. वाचक : उदगीर-लातूरकडील, लग्नात भेट देऊ इच्छिणारे कुटुंब. भाषा बोलीतील साधी मराठी, साठ शब्द. खाली दिलेल्या माहितीपलीकडे इतिहास, किंमत, पुरस्कार किंवा गुणधर्म लिहू नकोस. माहिती अपुरी वाटल्यास आधी मला प्रश्न विचार.’ यातील शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची आहेत. शेवटच्या वाक्यामुळे साधनाने विचारले, ‘एक फुलदाणी करावयास किती दिवस लागतात?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने घरी जाऊन विचारला व उत्तर लिहून आणले. जाहिरातीतील सर्वांत चांगले वाक्य त्या उत्तरातूनच तयार झाले. अर्थात अशी सूचना दिल्यानंतरही साधन कधीकधी पदरचे घालतेच. म्हणून तपासणी सुटत नाही.

वर्षाचे नियोजन

जाहिरात केव्हा करावी याचा आराखडाही या साधनाकडून करून घेता येतो. परंतु तारखा आपणच द्याव्यात. कलबुर्गीस हजरत ख्वाजा बंदे नवाज यांचा उरूस जिल्ह्काद महिन्यात भरतो. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तो दरवर्षी इंग्रजी तारखेने मागे सरकतो. साधन मागील वर्षाची तारीख तशीच ठेवून देते, असा अनुभव आहे. उरूस, ईद, दिवाळी, लग्नसराई आणि तुरीची रास यांच्या तारखा विद्यार्थ्यांनी स्थानिक कॅलेंडरावरून लिहून काढाव्यात व मग विचारावे, ‘यांपैकी प्रत्येक प्रसंगापूर्वी किती आठवडे काम सुरू करावे? आम्ही तीनच माणसे आहोत.’ माणसे किती व चांदी घेण्यास पैसा केव्हा हाती येतो, हे न सांगता केलेले नियोजन कागदावरच राहते.

तूरडाळीच्या बाबतीतही हेच लागू पडते. ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाने तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहराचे नाव 2014 मध्येच कलबुर्गी झाले होते, तरी मानांकनातील नाव जुनेच आहे. साधन ‘कलबुर्गी डाळ’ असे सुधारून लिहिते. पाकिटावर मात्र नोंदलेलेच नाव हवे.

एका मजकुराचे अनेक उपयोग

कारागिराकडून एकदा नीट लिहून घेतलेली माहिती हेच खरे भांडवल होय. तिच्यावरून वस्तूसोबतची चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅपवरील चार ओळी, प्रदर्शनातील फलक व परगावच्या व्यापाऱ्यास पत्र तयार होऊ शकते. येथे सूचना ‘याचे भाषांतर कर’ अशी नसावी. ‘याच माहितीवरून हैदराबादच्या व्यापाऱ्यास उर्दूत पत्र लिही, त्याला दर, वजन व पोहोचवण्याची मुदत एवढेच पाहिजे’ अशी असावी. दर व मुदतीच्या जागा रिकाम्या ठेवण्यास सांगावे आणि आकडे कारागिराने स्वतः भरावेत.

भाषेची अडचण मोठी आहे. साधनाची उर्दू पुस्तकी येते, दख्खनी त्याला नीट साधत नाही. मराठीतही ‘आमच्या उत्कृष्ट कलाकृतींचा अनुभव घ्या’ अशी इंग्रजी ढंगाची वाक्ये येतात. औरादच्या बाजारात असे कोणी बोलत नाही. ज्याची ती भाषा घरची आहे अशा विद्यार्थ्याने मोठ्याने वाचून दाखवावे, हीच उत्तम परीक्षा. एकाच वर्गात मराठी, कन्नड व उर्दू घरांतील मुले असणे ही आपल्या सीमाभागातील महाविद्यालयांची अडचण समजली जाते. या कामात मात्र ती सोय ठरते.

जबाबदारी कोणाची?

बिदरी कामास भौगोलिक मानांकन आहे. 1999 च्या कायद्यानुसार ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनीच वापरावयाचे असते. साधन मात्र न विचारता ‘मानांकनप्राप्त’ असा शब्द जोडून देते. शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून या कलेचे नाव सर्वदूर गेले. त्यांचे नाव किंवा छायाचित्र दुसऱ्याच्या मालाच्या जाहिरातीत घालणे हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘यंत्राने लिहिले’ असे म्हणून सुटका होत नाही. त्याचप्रमाणे गिऱ्हाईकांची नावे व दूरध्वनी क्रमांक या साधनात टाकू नयेत.

साधनाने काढलेल्या चित्राविषयी प्रस्तुत लेखकाचे मत कडक आहे. बिदरीचे असे चित्र जाहिरातीत वापरूच नये. त्यातील नक्षी कोणत्याही हाताने केलेली नसते. चित्र पाहून मागणी आली तर ती वस्तू देणार कोठून? खिडकीजवळ काळ्या कापडावर वस्तू ठेवून साध्या मोबाईलने काढलेले छायाचित्र पुरते, फक्त चांदीवर ऊन थेट पडू देऊ नये.

प्रात्यक्षिकाचे गुण देताना अध्यापकांनी तयार जाहिरात शेवटी पाहावी. प्रथम विद्यार्थ्याने कारागिराकडून लिहून आणलेली माहिती, मग दिलेल्या सूचना, मग साधनाच्या उत्तरात त्याने लाल शाईने खोडलेल्या ओळी पाहाव्यात. आमच्याकडे त्या वहीच्या शेवटच्या पानावर कारागिराची सही घेतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवतात आणि मगच अंगठा घेतात.