घोडा का अडला?

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेलं एक कोडं आहे. पानं का सडली, भाकरी का करपली, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. विड्याची पानं टोपलीत खालीवर केली नाहीत, तव्यावरची भाकरी वेळेवर उलटली नाही आणि घोड्याला रपेट मिळाली नाही. उत्तर खरंच आहे. बांधून ठेवलेला घोडा बिघडतोच. पण रोज कामावर असणारा, रोज फिरणारा घोडाही कधी ऐनवेळी चारही पाय रोवून उभा राहतो. लग्नसराईत आमच्या वर्धा-आर्वी रस्त्यावर, आंजीसारख्या कुठल्याही गावात हे दृश्य दिसतं. समोर डीजेची गाडी दणदणत असते, फटाक्यांची लड लागते, नवरदेव घोडीवर बसलेला असतो आणि घोडी पुढे टाच टाकत नाही. मग एक जण लगाम ओढतो, दुसरा मागून थोपटतो, तिसरा काठी आणतो. आणि सगळे एकमुखानं म्हणतात, ‘घोडी हट्टी आहे!’

ती हट्टी नसते, घाबरलेली असते. हट्ट आणि भीती यांतला हा फरक ज्याला कळला, त्यालाच घोड्यावर बसण्याचा पहिला धडा कळला. घोडा आणि स्वार यांच्यातला भरवसा कसा तयार होतो आणि दोघांत पुढारपण कोणाचं, कशाच्या बळावर चालतं, हे आज थोडं समजून घेऊ.

सुरुवात घोड्याच्या डोळ्यांपासून करावी लागेल. वाघाचे, कुत्र्याचे, माणसाचे डोळे चेहऱ्यावर समोर असतात. ते शिकार करणाऱ्याचे डोळे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. ते शिकार होणाऱ्याचे डोळे. मान न वळवता घोड्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढची थोडी जागा आणि शेपटीच्या मागची जागा त्याच्या नजरेआड राहते. म्हणून मागून अचानक हात लावणाऱ्याला लाथ बसते आणि थेट तोंडासमोर हात नेणाऱ्याला घोडा मान झटकतो. त्याचे कान वेगवेगळ्या दिशांना वळतात आणि आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही ते टिपतात. उघड्या माळावर पळून जीव वाचवणाऱ्या या जनावराला निसर्गानं एकच शहाणपण शिकवलं, आधी पळ, विचार नंतर कर. रस्त्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी आपल्याला कचरा वाटते. घोड्याला ती झुडपातून झेपावणारं काहीतरी वाटते.

अशा भित्र्या जनावरानं माणसाला पाठीवर घ्यावं, ही खरं तर नवलाची गोष्ट आहे. रानातला शिकारी नेमका पाठीवरच झेप घेतो. तीच पाठ तो आपल्या हवाली करतो. ती हवाली करताना तो आपली परीक्षा घेतो आणि ही परीक्षा फार बारीक असते.

ती किती बारीक असते, याची एक गोष्ट जर्मनीत घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाच्या एका शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा फार गाजला. त्याला बेरीज विचारली की तो खुरानं जमिनीवर टकटक करून बरोबर उत्तर देई. १९०४ साली विद्वानांची समिती बसली, तिलाही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं उलगडा केला आणि १९०७ साली तो प्रसिद्ध झाला. घोड्याला गणित येत नव्हतं. खुराची टकटक बरोबर आकड्याला पोचली की विचारणाऱ्याच्या अंगातला ताण नकळत सैल होई, डोकं केसभर हले, आणि घोडा तिथं थांबे. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही असा माणूस समोर उभा केला, किंवा विचारणारा नजरेआड ठेवला, की घोडा चुके. लोकांनी तेव्हा घोड्याला हसून घेतलं. मला वाटतं, दाद द्यायला हवी होती. जे आपल्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, ते त्यानं आपल्या अंगावरून वाचलं होतं.

अलीकडचा एक प्रयोग याहून बोलका आहे. २००९ साली स्वीडनच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी काही माणसांना घोडा घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला सांगितलं. कोणी घोड्यावर बसून, कोणी दोरी धरून. दोघांच्याही हृदयाचे ठोके मोजले जात होते. शेवटच्या फेरीआधी माणसांना सांगितलं, ‘आता घोडा जवळून जाताना आम्ही छत्री उघडणार आहोत.’ प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. पण घोडा बुजेल या धास्तीनं माणसाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीचा पत्ताच नव्हता. त्याला फक्त माणसाची धास्ती कळली. म्हणजे, ‘आता हा बुजणार’ असं मनात म्हणत लगाम आवळणारा स्वारच पुष्कळदा घोड्याला बुजवत असतो.

इथे प्रश्न येतो पुढारपणाचा. आपल्याकडे आणि जगातही एक समजूत फार जुनी आहे, की घोड्याला मालक कोण ते एकदा दाखवून द्यावं लागतं. कळपात एक दांडगा घोडा असतो, सगळे त्याला भितात, म्हणून माणसानं त्याच्यासारखं दांडगं व्हावं. पण कळपांकडे बारकाईनं पाहणाऱ्यांना असं दिसलं, की कळप पाण्याकडे किंवा नव्या चराईकडे निघतो तेव्हा सुरुवात दर वेळी एकच जनावर करत नाही, आज एक निघतो, उद्या दुसरा. स्वीडन, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या तीन अभ्यासकांनी २०१७ साली या विषयावरचं संशोधन तपासून सांगितलं, की घोडे माणसाला आपल्या कळपातल्या मानपानात बसवत असतील असं दिसत नाही. माणसाचं ऐकायचं की नाही हे त्यांच्या शिकण्यावर ठरतं. काय केलं की सुटका होते आणि काय केलं की त्रास होतो, एवढंच ते शिकतात.

आणि शिकवण्याची खरी किल्ली लगाम ओढण्यात नाही, सोडण्यात आहे. लगाम किंचित ताणला, हा झाला निरोप. घोडा थांबला. त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. तो सैल होणं हीच त्याची शाबासकी. टाचेचा दाब दिला, घोड्यानं पाऊल उचललं, की दाब गेला पाहिजे. घोडा ऐकतो तरी लगाम ताणलेलाच राहिला, तर त्याला कळतं की ऐकून काही उपयोग नाही. मग त्याचं तोंड घट्ट होतं, आणि आपण म्हणतो, ‘याचं तोंड दगडाचं आहे.’ ते दगडाचं जन्मत नाही, उशिरा सुटणाऱ्या हातांनी होतं. ज्याचा इशारा रोज एकाच अर्थाचा असतो आणि ज्याचा हात वेळेवर सुटतो, त्याचं पुढारपण घोडा मान्य करतो.

हे ज्ञान फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोन या ग्रीक सेनानीनं घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोड्याशी रागात वागू नये, आणि तो एखाद्या वस्तूला घाबरला तर मारून पुढे ढकलू नये, आपण त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि त्याला हळूहळू जवळ न्यावं, असा त्याचा सल्ला आहे. आपल्या मराठी मुलखाचंही घोड्याशी जुनं नातं आहे. भीमाकाठच्या भीमथडी घोड्यांवर मराठ्यांच्या फौजा दौडल्या. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा स्वतःचा असे. शिलेदाराची सगळी पुंजी त्या चार पायांवर उभी असे. घोडा मेला की त्याची शिलेदारी संपली. अशा माणसाला घोडा मारून-मुटकून वापरणं परवडणारंच नव्हतं. लगाम, रिकीब, जीन, नाल, चाबूक हे शब्द अरबी-फारसीतून आपल्या बोलीत आले आणि घरचे झाले. पण ‘मांड’ हा शब्द बघा. ‘त्याची मांड पक्की आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा चाबकाची नव्हे, बसण्याची तारीफ करतो. मांड पक्की असली की स्वाराला लगामाला लोंबकळावं लागत नाही.

या भरवशाचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं दर्शन मला आषाढी वारीच्या रिंगणात होतं. माउलींच्या पालखी सोहळ्यातले दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. अंकली ते आळंदी सुमारे तीनशे किलोमीटरची वाट ते पायी चालून येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसतं, तिथं माउली बसलेली असते, ही वारकऱ्यांची श्रद्धा. भोवती माणसांचा समुद्र, टाळमृदंगाचा गजर, आणि मधल्या मोकळ्या वाटेवरून हे दोन घोडे भरधाव सुटतात. त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसं वाकतात. इतक्या गर्दीत, इतक्या आवाजात, पाठीवर स्वार नसलेला घोडा वाट सोडत नाही, हे कसं होतं? श्रद्धेचं उत्तर ज्याचं त्याच्यापाशी आहे. घोड्याच्या बाजूनं पाहिलं तर मला तीन गोष्टी दिसतात. दौडीआधी त्याला रिंगणाची वाट दाखवली जाते. ओळखीचा जोडीदार सोबत धावतो. आणि शेकडो कोस चालून गर्दी, ढोल, पताका हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. कोणी एका दिवसात त्याला तिथं आणून उभं केलेलं नसतं.

आमच्या भागात आता टांगे उरले नाहीत. माझ्या लहानपणी वर्धा स्टेशनाबाहेर ते रांगेनं उभे असत. त्यातले एक चाचा मला आठवतात. गर्दीत आगगाडीची शिट्टी झाली की ते चाबकाला हात लावत नसत, घोड्याशी बोलायला लागत. शब्द काही खास नसत, ‘हां बेटा, हां’ एवढंच. पण आवाज रोज तोच, त्याच पट्टीतला. मी एकदा विचारलं, ‘चाचा, त्याला समजतं का?’ ते म्हणाले, ‘बोलणं त्याला नाही, मला लागतं. मी बोलत राहिलो की माझा हात घट्ट होत नाही.’ स्वीडनच्या छत्रीबद्दल वाचलं तेव्हा मला चाचांचं हे उत्तर आठवलं.

बैल हाकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. आर्वी भागातल्या चपळ गवळाऊ बैलांचा धुरकरी कासऱ्याच्या एका हलक्या झटक्यावर जोडी वळवतो. ज्याला पराणी सतत टोचावी लागते, त्याला गाव चांगला धुरकरी म्हणत नाही.

मग नव्या घोड्याशी ओळख कशी करावी? जाणते सांगतात ते साधं आहे. मागून जाऊ नये, खांद्याच्या बाजूनं, आधी आवाज देऊन जावं. पहिले काही दिवस बसण्याची घाई न करता खरारा करावा, चंदी द्यावी, म्होरकी धरून चालवावं, थांबवावं, मागे सरकवावं. जमिनीवर जो आपल्या शब्दावर थांबत नाही, तो पाठीवर बसल्यावर थांबणार नाही. कानांकडे लक्ष ठेवावं. कान आपल्याकडे वळले म्हणजे तो ऐकतो आहे, मागे चपटे पडले म्हणजे त्याला त्रास होतो आहे. भीतीची वस्तू लांबून दाखवावी, त्याला बघू द्यावं, मान खाली येऊन श्वास मोकळा झाला की मगच एक पाऊल पुढे न्यावं. आणि दिवसाचं काम घोडा शांत असताना संपवावं. काल ज्या गोष्टीला हसलो तिला आज मारू नये. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते पाहून सौदे करणारे अजून भेटतात. भोवऱ्यांपेक्षा त्याचे कान आणि विकणाऱ्याचा हात पाहिला तर सौदा जास्त शहाणपणाचा होईल.

आता पुन्हा वरातीकडे येऊ. निकाह असो की लग्न, नवरदेव घोडीवर बसावा ही हौस आपल्या सगळ्यांची आहे. पण डीजेच्या भिंतीपुढे उभ्या केलेल्या घोडीला काबूत ठेवायला काही जण काटेरी लगाम वापरतात. काट्यांनी तोंड सोलतं, घोडी दुखण्यानं थांबते, आणि बघणाऱ्याला ती शहाणी वाटते. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी असा काटेरी लगाम वापरायला बंदी केलेली आहे. बंदी माणुसकीसाठी आहेच, पण आपल्या जिवासाठीही आहे. दुखण्यानं दाबलेली भीती संपत नाही, ती साचते. एखाद्या फटाक्याला ती उधळते, तेव्हा समोर नाचणारी पोरंच टापांखाली येतात आणि वर बसलेला नवरदेव खाली पडतो.

घोडेवाल्याचं पोट त्या घोडीवर आहे. गिऱ्हाईक मोडू नये म्हणून तो ‘आवाज कमी करा’ असं म्हणायला कचरतो. ते आपण म्हणावं. घोडी ठरवताना लगाम उघडून पाहावा. डीजेची गाडी तिच्यापासून लांब ठेवावी, फटाके तिच्या मागे-पुढे लावू नयेत, आणि ती अडली तर सगळ्यांनी हात काढून घेऊन घोडेवाल्याला दोन मिनिटं तिच्याशी बोलू द्यावं. तिला कशाचं भय वाटलं हे त्याला बहुधा कळलेलं असतं. वरात दोन मिनिटं उशिरा पोचली म्हणून कोणाचं लग्न मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)