स्टॉप साइन, सुपीरियर कोर्ट आणि प्रपोझिशन २२०



गेल्या वर्षी स्टॉप साइनवर गाडी पुरती न थांबवल्याबद्दल मला तिकीट मिळाले. काही दिवसांनी टपालाने पत्र आले, वर ठळक अक्षरांत ‘सुपीरियर कोर्ट ऑफ कॅलिफोर्निया’. फोनवर सांगितले, तर आई म्हणाली, "अरे, एवढ्याशा चुकीसाठी वरचं कोर्ट?" प्रश्न रास्त होता, म्हणून थोडे वाचन केले. मी वकील नाही, साधा संगणकवाला. तेव्हा सोप्या शब्दांत सांगतो.

पूर्वी कॅलिफोर्नियाच्या काउंट्यांमध्ये दोन प्रकारची न्यायालये होती. वाहतुकीचे दंड, किरकोळ गुन्हे आणि २५,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे म्युनिसिपल कोर्टात. गंभीर गुन्हे, घटस्फोट, मृत्युपत्रे आणि मोठे दावे सुपीरियर कोर्टात. दोघांचे न्यायाधीश वेगळे, कारभार वेगळा. गंभीर गुन्ह्याचा खटलासुद्धा आधी म्युनिसिपल कोर्टात सुरू होऊन मग पुढे जाई. म्हणजे दोन सर्व्हर शेजारी-शेजारी, पण एकावरचा भार दुसऱ्यावर सहज टाकता येत नाही!

२ जून १९९८ रोजी मतदारांनी प्रपोझिशन २२० मंजूर करून राज्यघटना बदलली. मात्र एकत्रीकरणाची सक्ती नव्हती. काउंटीतल्या दोन्ही कोर्टांच्या न्यायाधीशांनी आपापल्या बहुमताने होकार दिला, तरच ती एक होणार होती. २००१ सालापर्यंत सर्व ५८ काउंट्यांनी होकार दिला. म्युनिसिपल कोर्टाचे न्यायाधीश सुपीरियर कोर्टाचे झाले आणि माझे तिकीटही तिथेच पोहोचले.

आपल्याला याचे काय? घरमालकाने डिपॉझिट अडवले, तर याच कोर्टाच्या स्मॉल क्लेम्स विभागात जाता येते. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो आणि सुनावणीत वकील चालत नाही. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, व्हिसावरचे लोकही जाऊ शकतात. मत द्यायला मात्र नागरिकत्व लागते.

भारतात घटनादुरुस्ती संसद करते. इथे राज्यघटना बदलायची तर ती मतपत्रिका आपल्या घरी येते. आपल्यापैकी बरेच नागरिक राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढे खूण करतात आणि खालची प्रपोझिशन्स कंटाळून कोरी सोडतात. पण राष्ट्राध्यक्षाशी आपली गाठ क्वचितच पडते. कोर्टाचे पत्र कधीही येऊ शकते.

पुढच्या वेळी मतपत्रिका शेवटपर्यंत वाचा. आणि हो, स्टॉप साइनवर पूर्ण थांबा!