काशीदचा मुक्काम आणि सवलतीचा हिशेब

अलिबागहून रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडच्या वाटेला लागले, की सुमारे तीस किलोमीटरवर सुरूच्या बनाआडून काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा दिसू लागतो. मागे फणसाड अभयारण्याचे डोंगर, समोर अरबी समुद्र आणि पुढे मुरूडजवळ जंजिऱ्याचा जलदुर्ग. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. तेव्हापासून मुंबईकरांना मोटारीसह समुद्र ओलांडता येतो. साहजिकच, दुकानाला दोन दिवस कुलूप लावून तीन भावांचे सारे कुटुंब एकत्र न्यायचे ठरले, की काशीदचे नाव निघतेच. मग घरातील एखादा तरुण मोबाईलवर खोल्या शोधू लागतो आणि ‘चाळीस टक्के सूट’ असे शब्द पाहून सर्वांना हायसे वाटते.

व्यापारी मनुष्य मालाचा भाव छापील किमतीवरून ठरवीत नाही. माल गोदामात पडेपर्यंतचा खर्च तो धरतो. खोल्यांच्या बाबतीतही हाच नियम लावला पाहिजे.

आधी कराचा विचार करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंत दैनिक दर असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. टप्पा ठरवताना हॉटेलने आकारलेली प्रत्यक्ष रक्कम धरली जाते, छापील दर नव्हे. मात्र ती सूट हॉटेलने स्वतः दिलेली हवी. संकेतस्थळाने किंवा बँकेच्या कार्डाने आपल्या पदरची दिलेली सूट हॉटेलच्या आकारणीतून वजा होत नाही, त्यामुळे तिने टप्पा बदलत नाही.

समजा, चौदा माणसांसाठी पाच खोल्या दोन रात्रींकरिता हव्या आहेत. रात्रीच्या भोजनासह खोलीचा दर ८,००० रुपये असेल, तर १८ टक्के करासह ती ९,४४० रुपयांना पडते. तीच खोली भोजनाविना ७,२०० रुपयांना मिळाली, तर ५ टक्के करासह ७,५६० रुपये होतात. फरक खोलीमागे रात्रीला १,८८० रुपयांचा, म्हणजे एकूण १८,८०० रुपयांचा.

आता ते भोजन कोणाच्या उपयोगाचे, हेही पाहावे. डिसेंबरच्या आरंभी या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हॉटेलातील भोजन मात्र बहुधा आठनंतर मांडले जाते. ज्या घरातील वडीलधारी मंडळी चौविहार पाळतात, त्यांच्यासाठी ‘भोजनासह’ या शब्दाचा अर्थ पैसे देऊन उपाशी राहणे असाच होतो. कोकणकिनारी मासळी हे रोजचे अन्न असल्याने स्वतंत्र भांडी, कंदमुळाविना स्वयंपाक, उकळलेले पाणी आणि साडेपाचचे ताट यांविषयी व्यवस्थापकाशी आधीच बोलून लेखी होकार घ्यावा. वाचलेल्या पैशांतून अशा स्वतंत्र स्वयंपाकाची सोय सहज होते.

संकेतस्थळ हा एक प्रकारचा आडत्याच आहे. त्याची आडत हॉटेलमालक भरतो. पाच-सहा खोल्या एकत्र घेणारा ग्राहक थेट फोन करील, तर त्या आडतीचा काही भाग त्याला सोडणे मालकालाही परवडते. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि हॉटेलांनी इतरत्र कमी दर देऊ नये अशा करारातील अटी काढण्याचा आदेश दिला. तेव्हा संकेतस्थळावर भाव पाहावा आणि हॉटेलकडे घाऊक भाव मागावा. यात संकोचाचे कारण नाही.

वाराचेही मोल असते. शनिवारी काशीद गजबजते आणि दर चढतात. ज्यांचा बाजार सोमवारी बंद असतो, त्यांनी रविवारी दुपारी निघावे. पर्यटक परतत असतात आणि खोल्या मोकळ्या होत असतात.

‘फक्त एकच खोली शिल्लक’ ही खोटी घाई, तसेच न मागता बिलात घातलेला विमा, या गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. मोठ्या कुटुंबात ऐनवेळी कोणी तरी आजारी पडते किंवा कोणाचा परीक्षेचा दिवस बदलतो. म्हणून सर्वच खोल्या ‘परतावा नाही’ अशा स्वस्त दरात घेऊ नयेत. निदान दोन खोल्या रद्द करता येतील अशा ठेवाव्यात.

आगाऊ रक्कम पाठवताना खाते हॉटेलच्या नावाचे आहे का, हे अवश्य पाहावे. व्यक्तीच्या नावाचे खाते, घाई करणारा आवाज आणि पावती देण्यास टाळाटाळ ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर व्यवहार थांबवावा. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० वर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

एवढे केले, की सवलत किती मिळाली हे निघतानाच्या बिलावरून कळते. आणि पहिल्या संध्याकाळी, सूर्य पाण्याला टेकण्याआधी आजीचे ताट वाढले गेले असेल, तर त्यावरूनही कळते.